निओडिमियम-लोह-बोरॉन रिबनमध्ये अल्फा लोह: खरंच आहे का, आणि असलं तर कुठून येतं

प्रश्न साताऱ्यात पदव्युत्तर भौतिकशास्त्राचा प्रकल्प करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. मिश्रधातूची रचना अणूंच्या टक्केवारीत निओडिमियम १३.५, लोह ८०.५ आणि बोरॉन ६. आर्गॉनमध्ये मेल्ट स्पिनिंग करून (वितळलेला रस फिरत्या चाकावर सोडून पातळ पट्ट्या, म्हणजे रिबन, काढणं), तांब्याच्या चाकाचा वेग सेकंदाला १०, २० आणि ३५ मीटर ठेवून तीन रिबन काढल्या. एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) १० च्या रिबनला ४४.६ अंशांपाशी उंच शिखर आलं, ते अल्फा लोहाचं, म्हणजे खोलीच्या तापमानाला असणाऱ्या साध्या लोहाचं, धरलं. २० ला रुंद शिखरांची २:१४:१ फेज (निओडिमियम, लोह, बोरॉन या प्रमाणात असलेली चुंबकाची मुख्य फेज) आली. ३५ ला नुसता फुगवटा. ही ३५ ची रिबन ७०० अंश सेल्सिअसला अर्धा तास अनील केली, म्हणजे तापवून ठेवली, तर कोअर्सिव्हिटी (चुंबकत्व उलटवायला लागणारं फील्ड) २० च्या रिबनपेक्षा कमीच भरली. निओडिमियम गरजेपेक्षा जास्त असूनही अल्फा लोह का यावं, वेग वाढवल्यावर ते का जावं आणि अनीलिंगने कोअर्सिव्हिटी का येत नाही, असे तिचे तीन प्रश्न आहेत.

मी या मिश्रधातूंवर आधी प्रयोगशाळेत आणि नंतर बाँडेड मॅग्नेटच्या (रेझिनमध्ये पावडर बांधून केलेल्या चुंबकांच्या) पावडरीवर काम केलं, आता सांगलीत असतो. माझं मत आधी सांगतो, मग कारणं. तुम्ही १० च्या रिबनमध्ये जे पाहिलंत ते सगळं अल्फा लोह नसावं. आणि जेवढं खरोखर असेल, त्याचं कारण "चाक हळू फिरलं" एवढ्यावर संपत नाही.

४४.६ अंशांचं शिखर हा या मिश्रधातूतला सगळ्यात फसवा पुरावा आहे. तांब्याच्या के-अल्फा किरणांनी मोजलं की अल्फा लोहाची ११० ही रेषा (असे आकडे म्हणजे स्फटिकातल्या प्रतलांची नावं) ४४.७ च्या जवळ येते. आता २:१४:१ घ्या. ही फेज टेट्रागोनल, तिच्या युनिट सेलची ए बाजू ८.८० अँगस्ट्रॉम आणि सी बाजू १२.२०. तिची ००६ रेषा हाताने काढून बघा: १२.२० भागिले ६, म्हणजे प्रतलांमधलं अंतर २.०३ अँगस्ट्रॉम, आणि टू-थीटा, म्हणजे शिखराचा कोन, ४४.५. दोन रेषांमध्ये अंशाचा जेमतेम सातवा भाग. दळलेल्या, दिशाहीन पावडरीत ००६ फार उंच नसते, त्यामुळे तिच्याकडे कोणी बघत नाही. पण हळू फिरणाऱ्या चाकावर निघालेली रिबन जाड असते, आणि तिच्या मोकळ्या, म्हणजे चाकाला न लागलेल्या, बाजूला २:१४:१ चे ग्रेन (स्फटिककण) सी-अक्ष पृष्ठभागाला काटकोनात ठेवून वाढतात. अशी रिबन सपाट चिकटवून स्कॅन केली की नेमकी ००६ उसळून वर येते आणि आपण म्हणतो, लोह आलं.

म्हणून ४४.६ वर निकाल देऊ नका. अल्फा लोहाची २०० रेषा ६५.० वर आणि २११ रेषा ८२.३ वर येते. त्या दुबळ्या असतात, तेवढ्या पट्ट्यात सावकाश स्कॅन लावा. उलट २९.३ वर ००४ आणि ६०.७ वर ००८ या रेषा नेहमीपेक्षा उंच दिसल्या, तर तुमच्या ४४.६ च्या शिखरात मोठा वाटा ००६ चा आहे असं समजा. तांब्याच्या ट्यूबने लोहाचा नमुना स्वतःच क्ष-किरण सोडायला लागतो, पार्श्वभूमी वर चढते आणि दुबळ्या रेषा त्यात बुडतात. कोबाल्टची ट्यूब किंवा पुढे मोनोक्रोमेटर असलेलं यंत्र मिळालं तर तेच वापरा. आणखी एक गोष्ट: तांब्याचे किरण या मिश्रधातूत वरच्या काही मायक्रॉनपलीकडचं सांगत नाहीत. तुमची रिबन ४० किंवा ८० मायक्रॉन जाड. म्हणजे एका बाजूचा स्कॅन हा त्या बाजूच्या कातडीचा स्कॅन. चाकाकडची बाजू, मोकळी बाजू आणि दळलेली पावडर, असे तीन स्कॅन प्रत्येक रिबनचे घ्या. नवी रिबन ओतण्याआधी हे करा, कारण यातच निम्मं उत्तर मिळेल.

क्ष-किरणांवर विसंबायचं नसेल तर एक साधी चाचणी आहे. २:१४:१ चं क्युरी तापमान (ज्याच्या वर चुंबकत्व जातं) ३१२ अंश सेल्सिअस, लोहाचं ७७०. थर्मोग्रॅव्हिमेट्रीच्या (तापवताना वजन मोजणाऱ्या) यंत्राजवळ छोटं चुंबक ठेवून आर्गॉनमध्ये नमुना तापवला की ३१२ ला खेच गळते. त्यानंतरही खेच उरली आणि ती ७७० पर्यंत टिकली, तर लोह आहे, आणि किती आहे याचाही अंदाज येतो. फक्त ही चाचणी स्फटिकी रिबनवरच करा. ३५ ची रिबन तापवताना वाटेतच स्फटिकं धरेल आणि आलेख गोंधळात टाकेल. १० च्या रिबनच्या हिस्टेरेसिस लूपमध्ये (फील्डविरुद्ध चुंबकत्वाच्या आलेखात) शून्य फील्डजवळ खांदा पडला असेल, तर तोही लोहाचा पुरावा म्हणून एकट्याने चालत नाही. मोकळ्या बाजूला ग्रेन मायक्रॉनभर मोठे झाले की त्यांची कोअर्सिव्हिटी पडते आणि लोह नसतानाही तसाच खांदा दिसतो.

आता लोह खरोखर आहे असं धरू. ते का येतं हे समजायला मिरज-कुपवाडच्या किंवा किर्लोस्करवाडीच्या भागातल्या एखाद्या बिडाच्या फाउंड्रीत जाऊन चिल टेस्ट बघा. लॅडलमधला रस पाचरीच्या आकाराच्या साच्यात ओततात, गार झाल्यावर पाचर हातोड्याने तोडतात आणि तोडलेल्या जागी बघतात. पातळ टोकाला पांढरं बीड, जाड बाजूला करडं. रस एकच, रासायनिक रचना एकच. टोकाला उष्णता इतक्या झपाट्याने निघून गेली की ग्रॅफाइटला जमायला सवड मिळाली नाही आणि कार्बन लोहाच्या कार्बाइडमध्ये अडकला. भट्टीवरचा माणूस त्या पांढऱ्या पट्ट्याची रुंदी बघून इनॉक्युलंट (ग्रॅफाइट जमायला मदत करणारी भर) किती टाकायचं ते ठरवतो. तुमची रिबन हीच पाचर आहे, फक्त मायक्रॉनांच्या मापाची. फेज डायग्राम समतोल सांगतो, त्यात वेळेचा अक्ष नसतो.

निओडिमियम-लोह-बोरॉनच्या डायग्राममध्ये २:१४:१ ही फेज तुमच्या रचनेत रसातून सरळ पहिली बाहेर पडत नाही. तुमची रचना २:१४:१ च्या नेमक्या रचनेपेक्षा निओडिमियमने थोडी श्रीमंत आहे, ११.८ ऐवजी १३.५. पण तेवढ्याने भागत नाही. सावकाश थंड केलं तर आधी गॅमा लोहाचे (लोहाच्या जास्त तापमानाच्या रूपाचे) डेंड्राइट, म्हणजे झाडासारखे फाटे फुटलेले स्फटिक, उगवतात, आणि मग ११८० अंशांच्या आसपास उरलेला रस त्या लोहाशी पेरिटेक्टिक प्रतिक्रिया करून २:१४:१ बनवतो. अडचण या प्रतिक्रियेतच आहे. २:१४:१ चं कवच डेंड्राइटभोवती तयार झालं की आतलं लोह आणि बाहेरचा रस एकमेकांना भेटत नाहीत. पुढची प्रतिक्रिया घन कवचातून अणू झिरपतील तेवढ्याच गतीने होते, म्हणजे जवळजवळ थांबते. आतलं लोह तसंच राहतं, ९१२ अंशांखाली गॅमाचं अल्फा होतं आणि आपल्याला सापडतं. ज्या निओडिमियमने त्या लोहाशी जुळायचं होतं ते बाहेर निओडिमियम-समृद्ध पट्ट्यांत शिल्लक राहतं. म्हणजे एकाच नमुन्यात लोहही जादा आणि निओडिमियमही जादा. निओडिमियम पुरेसं असून लोह का, या तुमच्या पहिल्या प्रश्नाचं हे पुस्तकी उत्तर, आणि ते खरं आहे.

वेग वाढवल्यावर लोह जातं ते शर्यतीमुळे. रस ११८० च्या खाली द्रव अवस्थेतच गेला, म्हणजे अतिशीत झाला, की २:१४:१ लाही थेट रसातून जन्माला येण्याची मुभा मिळते. आता दोघांमध्ये पुढे कोण सरकतं ते बघायचं. गॅमा लोहात निओडिमियम जवळजवळ विरघळतच नाही. त्यामुळे गॅमाचं टोक पुढे सरकायचं तर समोरचं बहुतेक सगळं निओडिमियम आणि बोरॉन बाजूला ढकलत सरकावं लागतं, आणि ते द्रवातल्या विसरणाच्या गतीपेक्षा वेगाने जमत नाही. जितकी घाई कराल तितकं त्याच्या टोकाचं तापमान खाली घसरतं. २:१४:१ ला मात्र १३.५ पैकी ११.८ टक्के निओडिमियम जागच्या जागी हवंच असतं, ढकलायचं उरतं थोडंच. एका विशिष्ट गतीनंतर २:१४:१ चं टोक अधिक तापमानाला, म्हणजे रिबनमध्ये पुढे, चालत असतं आणि गॅमा मागे पडतो. ज्या फेजचं टोक सर्वांत जास्त तापमानाला वाढत राहतं ती जिंकते, हा साधा निकष या सगळ्या मिश्रधातूंना लागू पडतो.

पण २:१४:१ ला तिची स्वतःची मर्यादा आहे. तिच्या युनिट सेलमध्ये ६८ अणू आहेत आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. इतकी गुंतागुंतीची रचना मांडायला अणूंना थोडी सवड लागते. चाक आणखी पळवलं की तीही मिळत नाही, आणि रस जसा होता तसा काचेसारखा गोठतो. तुमचा ३५ चा फुगवटा तो. म्हणजे सावकाश थंड केलं तर गॅमा, मधल्या पट्ट्यात २:१४:१, फार वेगाने केलं तर काहीच नाही. १९८३-८४ मध्ये जपानात सागावा सिंटरिंगच्या (पावडर दाबून भाजण्याच्या) वाटेने आणि अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये क्रोट मेल्ट स्पिनिंगच्या वाटेने, स्वतंत्रपणे, याच फेजपाशी पोहोचले. क्रोटच्या वाटेचं सगळं कसब तो मधला पट्टा पकडण्यात होतं.

इथवर सगळं पुस्तकाप्रमाणे. आता ज्यामुळे मला तुमच्या १० च्या रिबनविषयी शंका येते तो मुद्दा. सिंटर्ड मॅग्नेटचे कारखाने आज स्ट्रिप कास्टिंग करतात. त्यात चाक सेकंदाला एक-दोन मीटरच फिरतं, निघणारे पापुद्रे ०.२ ते ०.४ मिलिमीटर जाड असतात आणि थंड होण्याचा दर सेकंदाला हजार ते दहा हजार अंशांच्या घरात असतो. तुमच्या रिबनपेक्षा किमान दहापट सावकाश. तरी वजनाने ३० टक्क्यांच्या आसपास निओडिमियम असलेल्या मिश्रधातूत अल्फा लोह जवळजवळ दिसत नाही. चाकाला लागून २:१४:१ ची केंद्रकं धरतात आणि त्यांचे स्तंभ वरपर्यंत वाढत जातात. तुमच्या १३.५ अणू टक्क्यांचं वजनात रूपांतर करा, २९.९ टक्के येतं. म्हणजे तुमची रचना जवळजवळ तीच. लोह दाबायला सेकंदाला दहा लाख अंशांची गरजच नाही. तो दर लागतो ग्रेन काही दशक नॅनोमीटरांत ठेवण्यासाठी. लोह घालवण्याचा उंबरठा आणि ग्रेन बारीक ठेवण्याचा उंबरठा वेगवेगळे आहेत, आणि मला भेटणारे बहुतेक विद्यार्थी ते एकच समजतात.

मग १० ला लोह आलंच असेल, तर माझा पहिला संशय ऑक्सिजनवर. निओडिमियम ऑक्साइडमध्ये दोन निओडिमियमला तीन ऑक्सिजन. वजनात बघा: ४८ ग्रॅम ऑक्सिजन २८८ ग्रॅम निओडिमियम गिळतो, सहापट. नमुन्यात वजनाने ०.१ टक्का ऑक्सिजन शिरला की ०.६ टक्के निओडिमियम कामातून गेलं. तुमच्याकडे नेमक्या गरजेपेक्षा, म्हणजे २६.७ टक्क्यांपेक्षा, ३.२ टक्के निओडिमियम जादा आहे. सगळा मिळून अर्धा टक्का ऑक्सिजन ती सगळी शिल्लक संपवतो, आणि त्यापुढे लोह येणारच, चाक कितीही पळवा. निओडिमियमचे तुकडे घासून स्वच्छ केले होते का, आर्क मेल्टिंगच्या आधी टायटॅनियमचा गेटर (ऑक्सिजन शोषून घेणारा तुकडा) वितळवला होता का, बटण (मिश्रधातूचा गोळा) उलटून पुन्हा पुन्हा वितळवताना दर वेळी पृष्ठभाग काळवंडत होता का, हे आठवा. क्वार्ट्झच्या नळीत रस जास्त वेळ धरला तर निओडिमियम क्वार्ट्झमधलाच ऑक्सिजन ओढून घेतं. रस तयार झाला की रेंगाळू नका. आतून बोरॉन नायट्राइडचा लेप दिलेली नळी बरी. साताऱ्याचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. आषाढ-श्रावणात बटणं आणि रिबन उघड्या डबीत ठेवल्या तर निओडिमियम-समृद्ध भाग आठवड्याभरात पांढरट भुकटी धरतो. सिलिका जेल घालून व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये ठेवा.

दुसरा संशय चाकाशी झालेल्या स्पर्शावर. शोधनिबंधात वाचलेला २० मीटर आणि तुमच्या यंत्रावरचा २० मीटर एक नव्हे. नोझलचं भोक, आर्गॉनचा दाब, नोझल आणि चाकामधली फट, यावर रिबनची जाडी ठरते, आणि थंड होण्याचा दर जाडीवर ठरतो. ढोबळ हिशेब असा: चाक आणि रसामधला उष्णता-वहन गुणांक दर चौरस मीटर, दर अंशाला दोन लाख वॅट धरा आणि जाडी ४० मायक्रॉन. वितळबिंदूजवळ दर येतो सेकंदाला सुमारे बारा लाख अंश. जाडी दुप्पट केली की दर निम्मा. १२०० वरून ७०० अंशांपर्यंत यायला, स्फटिक बनताना सुटणारी उष्णता धरून, मिलिसेकंदाच्या आसपास लागतं. २० मीटर वेगाला तेवढ्या वेळात रिबन चाकावर दोन सेंटिमीटर जाते. १० मीटरला जाडी साधारण दुप्पट, वेळ दुप्पट, अंतर पुन्हा दोन सेंटिमीटरच. ते दोन सेंटिमीटर रिबन चाकाला चिकटून राहिली पाहिजे. आधीच सुटली तर उरलेलं थंड होणं आर्गॉनमध्ये, शेकडो पटींनी सावकाश, आणि तेव्हा मोकळ्या बाजूला हवं ते घडू शकतं. ओतताना खिडकीतून बघा. चाकावरून सुटणारी रिबन नारिंगी दिसत असेल तर ती लवकर सुटतेय. आधी चाक बघा. प्रत्येक ओतकामाआधी बारीक एमरी पेपरने एकाच दिशेला घासायचं, अल्कोहोलने पुसायचं. चाकाकडच्या बाजूला भिंगाखाली लांबट खड्डे दिसले तर तिथे आर्गॉन अडकला होता, आणि त्या खड्ड्यांच्या वरचे ग्रेन जाडच असणार. चेंबरचा दाब थोडा कमी ठेवला की हे खड्डे कमी होतात. जाडी मायक्रोमीटरने मोजू नका, खडबडीतपणामुळे ती जास्त दाखवते. मोजलेल्या लांबी-रुंदीच्या तुकड्याचं वजन घ्या, घनता ७.६ धरून जाडी काढा. आणि प्रकल्पात आलेख काढाल तो चाकवेगाविरुद्ध नव्हे, जाडीविरुद्ध काढा.

हे दोन संशय वेगळे कसे करायचे? रिबन कडेवर उभी करून रेझिनमध्ये बसवा आणि छेद पॉलिश करा. पाणी अजिबात नको, अल्कोहोल किंवा तेल वापरा, नाहीतर निओडिमियम-समृद्ध भाग धुऊन जाईल आणि त्या जागी भोकं दिसतील. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या बॅकस्कॅटर चित्रात लोह सर्वांत काळं, २:१४:१ करडं, निओडिमियम-समृद्ध भाग पांढरा. काळे डेंड्राइट फक्त मोकळ्या बाजूला आहेत आणि त्यांच्या आजूबाजूला पांढरे पट्टेही आहेत, तर दोष थंड होण्यात. काळे ठिपके जाडीभर पसरलेत आणि पांढरं कुठे फारसं नाही, तर निओडिमियम वाटेत हरवलंय. पहिल्या बाबतीत चाक आणि नोझल सुधारा, दुसऱ्या बाबतीत वितळण सुधारा. हा छेद न बघता लोक निओडिमियम १५ टक्क्यांवर नेतात. मग लोह जातं, पण चुंबकत्व नसलेला भाग वाढून रेमनन्सही (फील्ड काढल्यावर उरणारं चुंबकत्व) जातो, आणि मूळ दोष तसाच राहतो.

अल्फा लोहाची तिसरीही एक वाट आहे. जर्मनीत कोलोनच्या अवकाश संशोधन संस्थेत वितळलेले थेंब विद्युतचुंबकाने अधांतरी तरंगत ठेवून, कुठल्याही भांड्याचा स्पर्श न होता थंड करून पाहिले. पुरेसं अतिशीतन झालं की गॅमा आणि २:१४:१ या दोघांच्या मध्ये निओडिमियम-२ लोह-१७ या साच्याची, थोडं बोरॉन पोटात घेतलेली एक अस्थिर फेज उगवते. ती फार टिकत नाही, थंड होतानाच तिचं विघटन होऊन लोह आणि २:१४:१ चं बारीक मिश्रण मागे राहतं. सूक्ष्मदर्शकात आकार डेंड्राइटचा आणि आत दोन फेजांची खिचडी असं दिसलं, तर हे आठवा. तुमच्या रिबनमध्ये हे असण्याची शक्यता मला कमी वाटते, पण रचनेत निओडिमियम कमी केलंत तर ती वाढेल.

रचना आणखी दूर नेली तर अशा अस्थिर फेजाच कामाच्या होतात. निओडिमियम ४ ते ५ टक्के आणि बोरॉन १८-१९ टक्के ठेवून अनाकार (काचेसारखी) रिबन काढली आणि अनील केली की लोह-३ बोरॉन ही मऊ फेज आणि तिच्यात विखुरलेले २:१४:१ चे ग्रेन मिळतात. १९८८ च्या सुमारास फिलिप्सच्या प्रयोगशाळेतून आलेलं हे काम पुढे एक्सचेंज-स्प्रिंग (मऊ आणि कठीण फेज जोडलेल्या) चुंबकांचा पाया ठरलं. समॅरियम-लोहात वेगाने थंड केल्यावर टर्बियम-कॉपर-७ साच्याची फेज येते. २:१७ साच्यात काही समॅरियमच्या जागा लोहाच्या जोड्या घेतात आणि त्या जोड्या ओळीने बसतात. वेगवान थंडीत त्या कुठेही बसतात. तापवून सवड दिली की त्या पुन्हा ओळीत येतात. त्या फेजमध्ये नायट्रोजन भरून चांगली बाँडेड पावडर बनते. निओडिमियमच्या जागी सेरियम टाकायचा विचार असेल, आणि केरळ-ओडिशाच्या वाळूतल्या मोनाझाइटमध्ये दुर्मिळ मृदा धातूंपैकी निम्म्याच्या आसपास सेरियमच असल्याने तो यायला हवा, तर सेरियम-लोह-२ ही फेज डोकं वर काढते एवढं लक्षात ठेवा. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने समॅरियम, टर्बियम, डिस्प्रोशियमसह सात दुर्मिळ मृदा धातू आणि त्यांच्या मॅग्नेटच्या निर्यातीवर नियंत्रण आणल्यावर आपल्याकडच्या वाहन उद्योगाला याची झळ कळली. या विषयावर तुमच्यासारखे हात तयार होणं मला फार गरजेचं वाटतं.

आता अनीलिंग. ३५ ची रिबन खरंच अनाकार आहे का, हे आधी ठरवा. पाच नॅनोमीटरच्या ग्रेनचं शिखरही पावणेदोन अंश रुंद येतं, आणि अशी बरीच शिखरं एकमेकांत मिसळली की फुगवटाच दिसतो. डीएससीत (तापवताना उष्णतेची देवघेव मोजणाऱ्या चाचणीत) ६०० अंशांच्या आसपास उष्णता सोडणारं ठसठशीत शिखर आलं तर अनाकार भाग भरपूर आहे. बहुतेक वेळा अशा रिबनच्या मोकळ्या बाजूला तुरळक ग्रेन आधीच जन्मलेले असतात. सावकाश तापवलं की तेच पहिल्यांदा खाऊन-पिऊन मोठे होतात, बाकीचा भाग नंतर स्फटिकं धरतो, आणि शेवटी काही ग्रेन २०-३० नॅनोमीटरचे, काही दीडशेचे. अशा मिश्रणात मोठे ग्रेन आधी उलटतात आणि कोअर्सिव्हिटी पडते. तुमचे ७०० अंश आणि अर्धा तास दोन्ही जास्त आहेत. या रचनेत निओडिमियम-समृद्ध युटेक्टिक (सर्वांत आधी वितळणारं मिश्रण) साडेसहाशेच्या थोडं वर वितळतं. म्हणजे ७०० ला ग्रेनच्या सीमांवर द्रवाची पातळ फिल्म असते आणि ग्रेन भराभर वाढतात. शिवाय ४० मायक्रॉनच्या रिबनला पृष्ठभाग इतका मोठा की आर्गॉनमधला थोडा ऑक्सिजनही अर्ध्या तासात निओडिमियम खेचून घेतो आणि तुम्ही घालवलेलं अल्फा लोह मागच्या दाराने परत येतं.

रिबनचे तुकडे टँटलमच्या पत्र्यात गुंडाळा, शेजारी टायटॅनियमचे किंवा झिर्कोनियमचे कापलेले तुकडे ठेवा, नळी आधीच तापलेल्या भट्टीत सरकवा. ६२० ते ६५० अंश, पाच ते दहा मिनिटं, मग नळी बाहेर ओढून गार करा. तापमान दहा-दहा अंशांनी बदलत कोअर्सिव्हिटीचा माथा शोधा. या रचनेला १० किलोऑर्स्टेडच्या वर सहज जायला हवं. नाही गेली तर माझा संशय पुन्हा ऑक्सिजनवर. आणखी एक काळजी: ओतकाम झाल्यावर चेंबरमधली काळी धूळ हवा लागताच पेट घेऊ शकते. हवा हळूहळू सोडा, धूळ कोरड्या ब्रशने खरवडू नका, जवळ कोरडी वाळू ठेवा, पाणी नको.

सध्याच्या तिन्ही रिबनचे दोन्ही बाजूंचे स्कॅन, वजनावरून काढलेली जाडी आणि १० च्या रिबनच्या छेदाचं एक बॅकस्कॅटर चित्र पाठवा. ६५.० अंशांवर रेषा आहे की नाही, हे सगळ्यात आधी कळवा. चाक बदलायचं की वितळण, ते त्यावरून सांगता येईल.